आतली गोधडी

ओटिली,
तुझी गोधडी आज उसवायला घेतली.
रागावू नकोस, कड पार विरली होती,
आणि फेब्रुवारीत ब्लू रॉक्समध्ये
माणसानं दुसरं करायचं तरी काय?
बर्फ खालच्या तावदानापर्यंत चढलाय.
रेडिओ सांगतोय वायव्येचा वारा आहे,
होड्यांनी बंदराबाहेर पडू नये.
होड्या उरल्यात तरी किती!

वरची डेलबर्टची खोली आठवते?
तो अल्बर्टात तेलाच्या कामावर गेला त्या वर्षी
मी त्याचा पलंग भिंतीला उभा केला,
छताला कप्प्या ठोकल्या
आणि त्यांवर शिवणाची चौकट टांगली.
वर ओढली की खोली,
खाली सोडली की कामावर.

बाकी सगळं तुझंच.
सार्डिनच्या डब्यात तुझी अंगुस्तानं,
एकाला वापरून वापरून भोक पडलेलं.
खारवलेल्या कॉडच्या लाकडी पेटीत चिंध्या,
बर्जेसचे फ्लॅनेलचे शर्ट, डेलबर्टची शाळेची पँट,
आणि एक निळा तुकडा, जो कुणालाच ओळखता येत नाही.
भिंतीवर प्रदर्शनातली तुझी पहिल्या बक्षिसाची फीत,
काचेमागे हळूहळू तपकिरी होत चाललेली.

तुझे इंचाला दहा टाके.
मी नवी नवरी, माझे सात यायचे.
तू काही बोलायची नाहीस.
सकाळी उठून पाहावं तर माझी ओळ उसवलेली
आणि दोरा नीट गुंडाळून ठेवलेला,
पुन्हा वापरायला.
तू जाऊनही तीस वर्षं झाली.
अजून ओळ संपली की
माझी मान आपोआप मागे वळते.

तर कड सोडवली.
कापूस निघेल म्हणून बोटं आत घातली
आणि बोटांना टाके लागले.
आत आणखी एक गोधडी.
पिठाच्या पोत्यांची,
एका कोपऱ्यात गिरणीचं नाव अजून पुसट दिसतं.
यात नवल नाही. जुनी पांघरुणं सगळ्याच भरायच्या नव्यात,
कापूस आणायचा कुठून?
नवल टाक्यांचं.
इंचाला चार. जाड दोरा, मेण लावलेला.
आणि सगळेच्या सगळे डावीकडे कललेले.

या घरात डावखुरा एकच होऊन गेला.
एनॉसला मी जाळं विणताना पाहिलं, मासा चिरताना पाहिलं,
चर्चमध्ये मांडीवरची टोपी चुरगाळताना पाहिलं.
चिंध्यांपाशी?
कधीच नाही.

बर्जेसला हाक मारली.
गुडघ्यांना शिव्या देत वर आला.
(हल्ली माझ्या सुया तोच ओवतो, ओटिली.
न्याहारीनंतर वीस सुया ओवून उशीत खोचून ठेवतो.)
टाक्यांवरून त्यानं अंगठा फिरवला,
एकदा या टोकापासून, एकदा त्या.
"बाळ गेलं त्यानंतर आई हिवाळाभर झोपूनच होती.
मी पाच वर्षांचा.
बाबा दुपारी तीनलाच पडदे ओढून घ्यायचा.
मला वाटायचं, थंडीसाठी."

बाळाचं तू मला कधी सांगितलं नाहीस.
मीही विचारलं नसतं.

मग तू उठलीस,
आणि एके वर्षी दहाच्या टाक्यांनी ती मिटवून टाकलीस.
लपवलीस की जपलीस?
माझे सात ज्या हातांना खपले नाहीत
त्यांनी याचे चार कसे खपवून घेतले?
मी भिंग लावून पाहिलं.
एकही टाका उसवून पुन्हा घातलेला नाही.
एका ठिकाणी रक्ताचा ठिपका आहे, सुई टोचल्याचा,
तोही धुतलेला नाहीस.

रविवारचा डेलबर्टचा फोन आज आला.
त्याला बर्फाचं सांगितलं,
चुलीच्या धुराड्याचं सांगितलं.
हे सांगायला शब्द जुळेनात.
तो म्हणाला, आई, वारा ऐकू येतोय गं इथवर.

नवी कड त्या निळ्या तुकड्याची लावतेय.
टाके मोजलेले नाहीत.
पाचला अंधारून आलं, दिवा लावला.
खिडकीत आम्ही दोघं साऱ्या बंदराला दिसत असणार,
सुईच्या नेढ्याशी डोळे बारीक करून बसलेला तो
आणि मी.
"पडदा ओढू?" बर्जेसनं विचारलं.
राहू दे, म्हटलं.
आणखी दोन ओव.