शनिवारपर्यंत सांग

साळवी स्टॉपच्या आमच्या दुकानात
सहा वर्षं मी किराण्याची टीम लीडर.
डोळे मिटून सांगते
पोह्यांच्या कुठल्या पुड्याची मुदत संपत आलीय,
कुळथाचं पीठ कुठल्या फळीवर मागे सरकून बसलंय.
आगळाची बाटली गळायला लागली
की तिसऱ्या रांगेत आधी वास येतो, मग डाग दिसतो.
जुना माल पुढे, नवा मागे.
एवढ्यावर मी पाच पोरं तयार केली,
त्यातली दोन आता कोल्हापूरला सुपरवायझर.

बुधवारी पेडणेकर सरांनी केबिनमध्ये बोलावलं.
पंखा बंद करून बोलले,
म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये असं काहीतरी.
"काउंटर घे, सुचिता.
पद तेच. अठराशे जास्त.
शनिवारपर्यंत सांग."

काउंटर म्हणजे सात मशीनं, अकरा मुली
आणि नाझनीनची जागा.

तिचं नाव सरांनी घेतलं नाही. मीही नाही.
गणपतीच्या आदल्या आठवड्यात
मुंबईकरांच्या ट्रॉल्या दारापर्यंत लागलेल्या,
रात्री हिशेबात दोन हजार एकशे चाळीस कमी.
कुणाच्या गल्ल्यातून, कळलं नाही.
तिनं स्वतःच्या पर्समधून भरले,
तरी कागद झालाच.
कागदाला खाली साक्षीदार लागतो.
ती सही माझी आहे,
घाईतली, सु-च्या उकाराचं शेपूट अर्धवट.

तेव्हापासून रिक्षा स्टँडवर ती दिसली
की मी मोबाइल बघते.

घरी बाबांना सांगितलं.
बाबा तेहतीस वर्षं तांडेल.
आठ खलाशी, एक ट्रॉलर, आणि आता नुसते गुडघे.
मला वाटलं, वाऱ्याचं, भरतीचं काही बोलतील.
जाळ्याची सुई दातातून काढून म्हणाले,
"जेवायला सुट्टी किती गो त्या पोरींना?"
अर्धा तास.
"आनि बसायला?"

बसायला.
बांगड्याचा काटा जिभेवर तसाच राहिला.
सात काउंटरांत मिळून एक स्टूल नाही.
नऊ तास उभ्या.
बसलेली मुलगी गिऱ्हाइकाला आळशी वाटते,
असं एका मीटिंगमध्ये ठरलं होतं.
मी होते तिथे. मान हलवली होती.
आम्हाला काय, आम्ही तांदळाच्या पोत्यावर टेकतो.

शुक्रवारी दुपारी चार नंबरवर
प्रणोतीच्या जागी चाळीस मिनिटं उभी राहिले.
मासळीच्या ओल्या नोटा,
सुट्ट्यांसाठी पिशवीचा तळ ढवळणारी एक मावशी,
तिच्यामागे उसासे टाकणारी रांग.
इथे जुनं पुढे, नवं मागे असं काही चालत नाही.
जो समोर येतो, तो आत्ताच.
टाचांपासून कळ वर चढली
आणि मला आवडलं, हे खोटं कशाला सांगू?
मावशी जाताना म्हणाली, "जेवलीस?"
पोह्यांच्या पुड्यांनी मला सहा वर्षांत
हे कधी विचारलं नाही.

शनिवारी सकाळी नाझनीन स्टँडवर होती.
मोबाइल पर्समध्येच ठेवला.
काय बोलायचं ते रात्रभर जुळवलेलं,
त्यातलं एकही वाक्य वेळेवर आलं नाही.
तीच म्हणाली,
"काउंटर देतायत ना तुला?
चार नंबरचा गल्ला लागत नाही नीट.
वरून दाबावा लागतो.
दोनदा लिहून दिलं होतं मी."
मग तिची रिक्षा आली.
तिनं मागे वळून बघितलं नाही,
आणि बघावं तरी का.

केबिनमध्ये सर पंख्याच्या बटणाकडे गेले.
"राहू दे सर, चालू राहू दे," मी म्हटलं.
माझ्या हातात वहीचं पान होतं,
वर लिहिलेलं: सात स्टुलं.
त्याच्याखाली, रिक्षात बसून, हलत्या अक्षरांत
अजून एक ओळ.
"हो की नाही ते सांगते.
आधी चला,
चार नंबरचा गल्ला बघूया."