पुरावा जोडावा

मंडळाच्या स्मरणिकेसाठी तक्ता आलाय.
नाव. हुद्दा. कार्य, चाळीस शब्दांत.
शेवटचा रकाना: पुरावा जोडावा.

नाव लिहिते, इस्माईल होडेकर, मूळ गाव दाभोळ.
हुद्द्यापाशी अडते.
फहाहीलच्या मासळीबाजारात
बर्फाची गाडी चालवणाऱ्याला
कसला आलाय हुद्दा?

कार्य. ऑगस्ट नव्वद. मी नऊ वर्षांची.
दारापाशी झुबैदीच्या पेट्या,
पेट्यांमागे आम्ही एकोणीस,
त्यात एक कुवेती पोरगा, अंगात माझ्या भावाचा शर्ट.
बर्फ केव्हाच संपलेला. मासळी चार दिवसांची.
नाक्यावर शिपायानं दार उघडलं
आणि नाक दाबून लावून टाकलं.
मी आईच्या पदरात ओकले, आवाज न करता.
शौर्य म्हणून माझ्या नावावर एवढंच.

दक्षिणेला, वाळूत, सीमेच्या अलीकडे
त्यानं आम्हांला उतरवलं, पाण्याचा कॅन दिला
आणि गाडी वळवली.
अशा सात खेपा.
मला ठाऊक एक. बाकी सहा ऐकीव,
म्हणजे या रकान्यात बसायच्या नाहीत.

आणि किल्ल्या.
निघताना घरोघरच्या लोकांनी त्याच्या हाती किल्ली दिली.
कुणाची गॅलरीत तुळस, कुणाचे काचेच्या पेटीत मासे,
आमचा राघू.
“रडू नको बाय, मिरची मी घालीन त्याला.”

फौजा बदलल्या, तेव्हा त्याच्या गाडीत
तारेत ओवलेल्या त्रेचाळीस किल्ल्या सापडल्या.
लुटल्या गेलेल्या शहरात
एका माणसापाशी त्रेचाळीस दारं!
आणखी काय विचारायचं?

बाबा तोवर परतले होते, नव्या व्हिशावर.
त्यांना ठाण्यात बोलावलं. टेबलावर किल्ली.
ही तुम्ही दिलीत?
बाबा म्हणाले, आठवत नाही.

हे आईनं मला सांगितलं वीस वर्षांनी,
मेथी निवडता निवडता, मान खाली घालून.
बेचाळीस जणांपैकी कुणाला काय आठवलं
ते तिलाही माहीत नव्हतं.
होडेकर अकरा आठवडे आत होता,
मग पासपोर्टवर शिक्का, आणि घरी.
बाबांवर रागावता येत नाही.
नोकरी होती. माझी फी होती.
रागावते.

शुक्रवारी साल्मियात सत्कार आहे.
नऊ शाली, नऊ नारळ.
बाबांना खास बोलावून घेतलंय मुलुंडहून,
यादीत तिसरे:
‘संकटकाळी धीर न सोडल्याबद्दल.’
होडेकरचं नाव मी सुचवलं, तर अध्यक्ष म्हणाले,
“जरूर. पण काहीतरी कागद हवा, ताई.
उद्या कुणी विचारलं तर?”

काल रात्री बाबांनी तक्ता पाहिला.
चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.
शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून
बराच वेळ तसेच बसले.
मग खोलीत गेले,
शुक्रवारसाठी इस्त्री केलेला सदरा बाजूला सारून
बॅगेच्या तळातून काढली
जोडकिल्ली. आईकडे असायची ती.

“त्या दिवशीही खिशात होती,” म्हणाले.

ती इमारत आता नाही.
तिथे गाड्या उभ्या राहतात,
पहिला अर्धा तास फुकट.

किल्लीत स्टेपलरची पिन जात नाही.
चिकटपट्टी लावली, ती सुटली, पुन्हा लावली.
बाबा समोर बसून कागद धरत होते, दोन्ही हातांनी.
मध्येच म्हणाले,
“राघूचं काय झालं असेल गं?”

हुद्द्याचा रकाना अजून कोराच आहे.