वेस ०.९

आज रात्री चौदाशे शहाण्णव.
पंधराशे बारा टेस्टपैकी चौदाशे शहाण्णव हिरव्या,
सोळा लाल.
शाहिस्तानं होटगी रोडवरून नुसता अंगठा पाठवला.
आणि 'कावळा' या नावानं सही करणारं ते जे कोण आहे
(बाई की बुवा, कुठल्या गावचं, दोन वर्षांत कळलं नाही)
त्यानं राउटरमधल्या माझ्या तीन ओळी खोडून
एक ओळ लिहिली.
चांगली होती. घेतली.

फ्रेमवर्कचं नाव वेस, बाळीवेशीवरून.
मागणी येते, वेशीत थांबते,
कुठून आली, कुणाकडे जायचंय, परवाना आहे का,
मग आत.
नाव ठेवलं तेव्हा एवढंच काम करायचं ते,
तेही धड नाही.

आधीचं एक आहे, मोठ्या कंपनीचं.
सगळ्यांसाठी खुलं होतं, मग एका मंगळवारी नव्हतं.
तेव्हापासून आम्ही तेच पुन्हा लिहितोय
त्यांच्या कोडकडे न बघता,
फक्त बाहेरून:
हे विचारलं की ते काय सांगतं,
हे टाकलं की ते काय फेकतं.

खाली टॉवेलचे दोन माग.
लोक म्हणतात, वा, म्हणजे तूही विणतेसच की.
नाही हो. मी खुर्चीवर बसते.
नायनांचा डावा कान त्या आवाजात गेलाय.
माझा फार तर चहा गार होतो.

दीड वाजता नायना वर आले.
आज पाण्याचा दिवस, पाचवा, झोप नसतेच.
"किती झालं?"
"सोळा राहिल्या."
"गिऱ्हाईक कोण?"
"कोणीही."
"देणार किती?"
"काही नाही."
डझनावर मजुरी घेतलेला माणूस
पडद्याकडे बघत राहिला.
"मग मोजालीस कशाला?"

उत्तर नव्हतं, म्हणून सोळावी टेस्ट दाखवली.
मूळ फ्रेमवर्क लांब नाव बत्तीस बाइटवर तोडतं.
आपलं एकेक चिन्ह तीन बाइटांचं.
'अक्कलकोट रस्ता' टाकलं तर येतं
'अक्कलकोट रस'
आणि पुढे काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह.
आमच्याकडे अख्खा रस्ता येतो.
म्हणून टेस्ट लाल.
बरोबर आहे म्हणून नापास.

नायना खाली बसले. गुडघा वाजला.
"एकदा एका व्यापाऱ्यानं चादर आणली, हैदराबादची.
म्हणे, हीच पाहिजे. कार्डं कुठाहेत? नाहीत.
भिंग लावून तार मोजली मी, चार रात्री,
जकार्डची कार्डं नवी पाडली.
मोराच्या मानेत एक तार चुकली होती त्यांची.
मी नीट केली."
"मग?"
"माल परत. म्हणे, हा आमचा मोर नव्हे."
"मग?"
"मग काय. मान मोडली परत."

थोडा वेळ खालचे माग बोलले.

"नीट मोराची कार्डं मात्र फेकली नाहीत.
मचाणावर असतील."
"कोणी मागितली कधी?"
"अजून नाही," नायना म्हणाले,
जणू कालच ठेवलीत.

मी एक खटका बसवला.
ज्याला जुनी सवय आहे त्याला मोडकी मान,
बाकीच्यांना अख्खा मोर.
आपणहून कुठला लागेल यावर
कावळ्याशी पावणेचारपर्यंत भांडले.
तो म्हणाला, सगळं जग 'रस' धरून चाललंय.
मी लिहिलं, सगळं जग
अक्कलकोट रस्त्यावर राहत नाही.
शाहिस्तानं पुन्हा अंगठा पाठवला,
कुणाला ते सांगितलं नाही.

बदलांच्या यादीत ओळ घातली:
लांब नावं आता अक्षर फोडत नाहीत.
खाली माझं नाव आले, कावळ्याचं आलं.
नायनांचं कुठं घालायचं कळेना,
'तपासणी' या रकान्यात घातलं.

पंधरा.

नळ खोकला.
खालून हाक आली, उजव्या कानाच्या बाजूनं, जोरात:
मोटार लाव, मोटार!