रीडिंग

इतवारीतला अश्फाक पाच हजार ठेवून घेतो
आणि दोन दिवसांसाठी मीटर देतो.
मोबाइलएवढा डबा, लांब वायर,
वायरीच्या टोकाला पांढरं बोंड, न उमललेल्या कापसाचं.
पार मीटर म्हणतात त्याला.
मला पार माहीत होता तो कामठीच्या मामाच्या दारातला,
निंबाखालचा, संध्याकाळी गार होणारा.
हा पाण्याच्या पार जातो
आणि तिथे पोचलेला उजेड मोजतो.

एकतीस वर्षं मी मीटरच वाचले.
मानेवाडा, हुडकेश्वर, म्हाळगीनगरचे जिने,
कुत्री, बंद फाटकं, चुंबक चिकटवणारे,
"काऊन बापा, एवढं बिल कसं?"
युनिटं लिहिली. उजेड लिहिला नाही.
कोणाच्या घरात तो कुठवर जातो
आणि कुठे जातच नाही,
त्याला वहीत रकाना नव्हता.

आता हॉलमध्ये चार फुटांचा समुद्र आहे.
आरओचं पाणी, पाकिटातलं मीठ,
वर काळ्या पट्टीत एलईडीचे बारीक निळे ठिपके.
तिकडे कोराडीला कोळसा जळतो, इकडे हे निळं.
बाहेर सेहेचाळीस, कूलर घरघरतोय,
पाणी मात्र सव्वीसच्या वर जाऊ द्यायचं नाही.
झिरो माइलच्या खांबावर
समुद्राचं अंतर कोणी कोरलं नाही.
बरं झालं. मला वाटेल तिथे मांडता आला.

पहिल्या महिन्यात चुकलो.
पाहुणे आले की दिवे शंभर टक्के.
"वा धोटेजी, काय रंग!"
आठव्या दिवशी पोवळ्याची फांदी टोकाकडून विटली,
मग दुधासारखी झाली, मग हाडासारखी.
मला वाटलं, उपाशी आहे. उजेड आणखी दिला.
नंतर कळलं, पोवळ्याच्या कातडीत शेवाळ राहतं,
भाडेकरू म्हणा, पण घर तेच चालवतं.
उजेड फार झाला की पोवळं त्यालाच बाहेर काढतं.
रंग होता तो भाडेकरूचा.
मागे उरला चुना.

आज पंप बंद केला. पाणी हललं की आकडाही थरथरतो.
बोंड धरून हात खांद्यापर्यंत बुडवला,
सावली पडू नये म्हणून अंग मागे.
शशिकला कॅलेंडरच्या पाठीवर लिहून घेते.
वरच्या दगडावर?
तीनशे चाळीस.
मध्ये?
एकशे नव्वद.
डाव्या कोपऱ्यात, वाळूवर?
बेचाळीस.
"अन् ते तुमचं पांढरं?"
दोनशे ऐंशी. अजून फार.
पट्टी चार बोटं वर घेतली,
पांढरे दिवे पंधरावर आणले, निळे पन्नासवर,
फांदी उचलून वाळूवर मध्यभागी टेकवली.
पुन्हा हात. एकशे दहा.
इथून दर रविवारी दोन टक्के. घाई नाही.
आजाऱ्याला पेज देतात तसं.

शशिकला मीटर पुसते, पण डब्यात ठेवत नाही.
वायर ओढत ओट्यापाशी नेते,
बोंड ठेवते पोळपाटाशेजारी,
जिथे उभं राहून राहून तिने
एक फरशी गुळगुळीत केली आहे.
"वाचा न."
भर दुपार. पिवळा बल्ब चालू.
तीन.
मी म्हटलं, कोरड्यात नीट दाखवत नसेल,
पाण्यासाठी बनवलाय तो.
ती काही बोलली नाही.
बेचाळीसच्या खाली तिच्या तिरप्या अक्षरात
लिहिलं फक्त: ओटा, ३.

तिथे एक खिडकी आहे.
सत्त्याण्णव साली नवा फ्रिज आला
तेव्हा तो तिच्यासमोर मीच लावला होता.
प्लग जवळ पडतो म्हणून.

पंप सुरू केला. समुद्र पुन्हा हलायला लागला.
फांदीच्या बुडाशी नखाएवढं तपकिरी आहे,
की मला तसं वाटून राहिलंय, सांगता येत नाही.
अश्फाकला फोन लावला:
मीटर आणखी एक दिवस ठेवतो.
का, ते त्याने विचारलं नाही.
शेजारच्या नंदनवारांच्या पोराला हाक मारली आहे,
फ्रिज एकट्याने सरकत नाही.