पाण्याचा रकाना

उदगीरच्या मोंढ्यातून पावशेर रिठे आणले, पन्नास.
लिंबाच्या साली फुकट :
रसवंतीवाला खदीर म्हणाला, न्या की,
तेवढीच माझी उकिरड्यावरची खेप वाचंल.
काळा गूळ, घरातलाच,
असं मी लिहिलं
आणि मंदोदरीनं खोडलं :
घरातला म्हणजे काय, झाडाला लागतो?

तीन महिने बरणी कोनाड्यात फुसफुसत राहिली.
रोज झाकण सैल करायचं.
एक दिवस विसरलो, झाकण आढ्याला.
भिंतीवरचा डाग अजून आहे.
चुन्याचे पैसे मी वहीत धरले नाहीत.

फरशी चकचकली, खोटं कशाला बोलू.
बाटलीमागं बावीस रुपये सुटत होते,
फक्त पाय चिकटायचे,
म्हणून साध्या पाण्यानं पुन्हा एकदा पुसायचं.
मग आठ दिवस टँकर आला नाही.
दुसऱ्या बादलीला ती थांबली, माझ्याकडं बघितलं.
पाण्याचा रकाना मी आखलाच नव्हता.

आता वही तिच्याकडं असते.
बरणी पुन्हा भरलीय, गूळ निम्मा.
परवा सहज उघडून पाहिली, शेवटच्या ओळीत तिचं अक्षर :
हाताची आग थांबली.
पुढं आकडा नाही,
नुसती रेघ ओढून ठेवलीय.