बुधवार, सकाळी नऊ

रविवारी रात्री जेवणं आटपली की मी
वेंगुर्ल्यातल्या चार माणसांचा आठवडा लावायला बसते.

दातांचे डॉक्टर गिरप. सी.ए. आरोंदेकर.
नोटरी रेडकर बाई, ज्यांना फोटोत हसायचं नसतं.
आणि काजू कारखान्याचा धाकटा मालक,
जो दर महिन्याला विचारतो, "व्हायरल कधी होतलव आमी?"

वेळ कोणालाच नाही.
म्हणून त्यांची वेळ मी आधीच भरून ठेवते,
बरणीत लोणचं दाबून वर तेल सोडावं तशी.
मंगळवार सकाळ: जीएसटीची शेवटची तारीख.
गुरुवार दुपार: खरेदीखताला कुठली कागदपत्रं.
शनिवार संध्याकाळ, सात: सोललेले काजूगर, अगदी जवळून,
कारण शनिवारी सातला माणसं जिभेने विचार करतात.
मग निळं बटण.
ते दाबलं की पुढचं माझ्या हातात नाही.

"झालां काय गो तुजां पंचांग?" बाबा पलंगावरून.
बाबा बंदर खात्यात होते.
तीस वर्षं जेटीवरच्या काळ्या फळ्यावर
खडूने उद्याची भरती लिहीत आले.
खात्याचं छापील पुस्तक कपाटात कोरं राहिलं.
तिथीची पाऊणपट करायची, झालं:
अष्टमी आठ, पाऊणपट सहा,
सहाला पाणी पायरीवर.
आणि दर्याने ऐकलं नाही तर?
"दर्या ऐकता. वारो ऐकणा नाय."

कार्तिकात, सोमवारी पहाटे
डॉक्टरांचा थोरला भाऊ बाबल 'सातेरी प्रसन्न' घेऊन गेला.
सोबत सहा खलाशी.
रात्री वारा फिरला.
मंगळवारी बाकीच्या बोटी आल्या, ती नाही.
रात्रभर जेटीवर बॅटऱ्या, वायरलेसची खरखर,
वहिनींच्या हातात न प्यायलेला चहा.
डॉक्टर फोनकडे बघत बसलेले, दवाखान्याच्याच चपलांत.
मी कप विसळत होते.
समोरच्या भिंतीवर घड्याळ. नऊ वाजून दोन मिनिटं.

आणि आठवलं.

बुधवार, सकाळी नऊ. डॉ. गिरप, पांढरा कोट, बत्तीस दात:
"हसा! तुमचं हसू ही आमची जबाबदारी."
मीच लावलेलं. रविवारी. खाली तीन फुलं.

माझा फोन घरी, चार्जिंगला.
मांडवीपासून दाभोली नाक्यापर्यंत
मी एवढी कधी धावले नाही.
लॅपटॉप उघडला. पुसून टाकण्याच्या चिन्हावर बोट,
कानाला बाबांचा फोन, घशात माफी.
"डॉक्टर, काढते, आत्ताच काढते,"
तर पलीकडून आधी नुसता श्वास,
मग: "काढू नको गो.
पयलो आंगठो कोणाचो, तां बघ."

बाबल गिरप. नऊ वाजून एक मिनिट.

तेरेखोलच्या तोंडाशी, इंजिन मेलेलं,
नांगर कसाबसा धरलेला,
एक दांडी रेंज, दोन टक्के बॅटरी.
धाकट्या भावाचं तोंड पडद्यावर आलं
आणि ह्याने ते दाबलं.
नंतर विचारलं तर खांदे उडवून म्हणाला,
"फोन लागाक नाय. आंगठो लागलो."

दुपारी दोन बोटी दोर घेऊन गेल्या.
सगळ्या मांडवीने त्या दातांना अंगठे दिले,
आरोंदेकरांनीसुद्धा, जे कोणाला काही देत नाहीत.

महिनाअखेरीस यंत्राने आपणहून अहवाल पाठवला:
बुधवार, सकाळी नऊ
ही तुमच्यासाठी सर्वांत चांगली वेळ आहे.
आलेखात एक सुळका, बाकी सपाट.
त्याला काय सांगणार.
तेव्हापासून बुधवारी नऊला मी काही लावत नाही,
ती जागा तशीच मोकळी सोडते.

बाबांना वाचून दाखवलं.
त्यांनी अंधारात बोटांची पेरं मोजली, पुन्हा मोजली.
"द्वादशी होती. पाऊणपट नऊ.
भरतीनच ढकलल्यान तेका आत."
आणि कुशीवर वळत,
"दिवो मालव आता."