डाव्या पायाला

गप बस.
रोज सकाळी गाडीत बसलो की
चावी फिरवायच्या आधी मी तुला एवढंच सांगतो.
मिसेस कोवाल्स्की शेजारी पॅड घेऊन बसलेली असते,
तिला वाटतं म्हातारा देवाचं नाव घेतोय.

एकतीस वर्षं तू क्लच दाबलास.
गडहिंग्लज आगार, आंबोलीचा घाट,
साठ माणसं आत, टपावर आंब्याच्या पेट्या,
ऐन चढावर थांबलेली गाडी
तू नखभर सोडायचास
आणि ती बोटभरही मागं न सरकता उचलायची.
उजवा काय, नुसतं डिझेल द्यायचा.
कसब तुझं.
गुडघाही तुझाच गेला.

इथं अ‍ॅक्रनमध्ये लेकीच्या गाडीला क्लचच नाही.
मी वाकून पाहिलं:
एक पट्टी रुंद, एक उभी नि अरुंद.
तिसरी कुणीतरी काढून नेल्यासारखी जागा.

तिसऱ्या दिवशी सिग्नल पिवळा झाला.
वेग उतरला, आणि तू कुणालाही न विचारता
सवयीनं धावलास, मुळापर्यंत दाबलंस,
पण जे सापडलं तो ब्रेक होता.
गाडी नाकावर उभी राहिली.
मागच्या पिकअपनं लांबलचक हॉर्न दिला.
मिसेस कोवाल्स्कीची कॉफी तिच्याच मांडीवर.
तिनं रुमालानं पँट पुसली, मग विचारलं,
"हा कुठला पाय होता?"
"जुना," मी म्हणालो.

ती मला एका बंद पडलेल्या दुकानाच्या पार्किंगात घेऊन गेली.
इंजिन बंद. काचेवर बर्फ साचत चाललेला.
म्हणाली, टाच इथं, ब्रेकच्या समोर, जमिनीला.
उचलायची नाही. फक्त पंजा वळव.
जात्याचा खुंटा जागचा हलत नाही, पाळी फिरते, तसं
ब्रेक, गॅस, ब्रेक, गॅस,
मी चाळीस वेळा केलं.
बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं
एक माणूस उभ्या गाडीत कुठंतरी निघालाय.

टाच अधांतरी राहिली की घाबरलेला पाय वाट चुकतो, ती म्हणाली.
तिच्या ओळखीचा एकजण गाडी लावता लावता
काच फोडून थेट न्हाव्याच्या दुकानात गेला.
जितका घाबरला तितकं जोरात दाबत गेला.
गळ्याचं हाड मोडलं. अजून म्हणतो,
मी ब्रेकच दाबत होतो.

तेव्हापासून मी दारातच बूट आपटतो, तळव्याचा बर्फ झाडतो.
पायाखालची चटई खुंटीत अडकवलीय का, चाचपतो.
सीट इतकी पुढं, की ब्रेक पुरता दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहील.
वहाणा लेकीनं कपाटात ठेवून दिल्यात.
सगळी कामं आता थोरल्याकडं.

तुझ्यासाठी कडेला एक उतरता रबरी ठोकळा आहे.
त्याला इथं मेलेलं पेडल म्हणतात.
हे कळलं तेव्हा मी काही बोललो नाही,
तुला ऐकू जाईल म्हणून.

परवा परीक्षा झाली.
परीक्षक पोरगा, लेकीहून लहान.
तू ठोकळ्यावर टेकून होतास, शहाण्यासारखा.
फक्त एकदा, स्कूल बस थांबली
आणि तिचा लाल फलक बाहेर आला तेव्हा
मोज्यातला तुझा अंगठा वळला.
पोराला दिसलं नाही. मी पास झालो.

रात्री मात्र तू अजून दाबतोस.
शालन असताना म्हणायची, पांघरूण किती लाथाडता,
कुठला घाट चढताय?
आता म्हणायला कोणी नाही.
दाब.
झोपेत दाबलंस तर चालेल.
मागं पिकअप नाही,
आणि सावंतवाडीची शेवटची गाडी अजून वर पोचायचीय.